प्रकल्प नोंदी : ‘शेवटचा नाका’, पंधरा मिनिटांच्या आत

५ जानेवारी २०२५, रविवार

वही आजपासून. मामांच्या गच्चीवर सात जण आणि एक किलो भडंग. ठरलं ते असं : स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ-मालिकेच्या विश्वातली एक गोष्ट, मराठीत, कोल्हापुरात, पदरच्या पैशानं. फेडरेशनच्या, म्हणजे त्या विश्वातल्या ग्रहांच्या संघाच्या, हद्दीवर, कुणी फिरकत नाही अशा ठिकाणी एक संदेश-केंद्र आहे. तिथला निवृत्तीला टेकलेला इंजिनिअर आणि त्याच्याकडून चार्ज घ्यायला आलेली नवी पोरगी. चाळीस वर्षं उशिरा पोचलेला एक निरोप. पात्रं दोन, जागा एक. नाव ‘शेवटचा नाका’.

हे खूळ मुळात मामांचं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर त्यांनी कॅप्टन कर्क आणि त्याचा टोकदार कानांचा अधिकारी स्पॉक पाहिले. निम्मं इंग्रजी डोक्यावरून जायचं, ‘पण कान बघितले की शहाणा कोण ते कळायचं.’ मी नंतर केबलवर पुढच्या मालिकेतला कॅप्टन पिकार्ड पाहून वाढले. आमच्या घरात ट्रेक पिढीजात आहे म्हणायला हरकत नाही.

धाकट्यानं विचारलं, ‘आधी परवानगी मागायची का?’ मागून मिळत नाही. ट्रेकचे हक्क असलेल्या सीबीएस आणि पॅरामाउंट या कंपन्यांनी २३ जून २०१६ रोजी चाहत्यांच्या चित्रपटांसाठी नियम जाहीर केले. ते पाळा, आम्ही हरकत घेणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. छापील प्रत काढून वहिनीकडे दिली. वहिनी वकील आहे, सबंध दिवस जमिनीचे दावे चालवते. तिला ट्रेकमधलं ओ की ठो कळत नाही, हेच बरं.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ हातावर ठेवता ठेवता वहिनीनं कागद परत दिला. लाल पेनानं रंगवलेला.

‘ही परवानगी नव्हे. हा कानाडोळा आहे, अटी घातलेला. शेवटचा परिच्छेद वाचलास का?’ वाचला नव्हता. त्यात म्हटलंय की हे नियम म्हणजे परवाना नाही, कुठल्याही चित्रपटाला मान्यता नाही, आणि कंपनी ते केव्हाही बदलू किंवा मागे घेऊ शकते.

बाकीच्या अटी जशा आम्हाला टोचल्या तशा लिहिते. लांबी १५ मिनिटांपेक्षा कमी. फार तर असे दोन भाग, मिळून ३० मिनिटं. पुढचा भाग नाही, मालिका नाही. नावात ‘स्टार ट्रेक’ घालायचं नाही, पण नावाखाली ‘अ स्टार ट्रेक फॅन प्रॉडक्शन’ हे साध्या टायपात घालायचंच. जुन्या भागांतलं दृश्य उचलायचं नाही, तसंच्या तसं पुन्हा करायचंही नाही. कुणालाही मोबदला नाही. तिकीट नाही, जाहिरातीचं उत्पन्न नाही, डीव्हीडी नाही. वर्गणीची मर्यादा ५० हजार डॉलर. हा आकडा वाचून गच्चीवर हशा झाला. आमचं बजेट एक लाखाच्या आत आहे, आणि त्यातले चाळीस हजार मामांच्या पेन्शनचे.

आपल्या कायद्यात काही आसरा आहे का, म्हणून विचारलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी वापर, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वृत्त यांना सूट देतं. ‘तुमचं यातलं काहीच नाही. तुम्ही दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी घालताय आणि मालक म्हणतोय, दहा बाय दहाची असेल तर मी बघितलं नाही. दहा बाय दहातच राहा.’

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आल्यावर दुपारभर ‘अ‍ॅक्सनार’ प्रकरण वाचलं. हे नियम आले कुठून ते टीममध्ये सगळ्यांना माहीत असावं, म्हणून इथं लिहून ठेवते.

२०१४ मध्ये अ‍ॅलेक पीटर्स यांच्या टीमनं साधारण २१ मिनिटांचा ‘प्रील्यूड टू अ‍ॅक्सनार’ काढला. चाहत्यांचा आहे हे सांगावं लागेल इतका सफाईदार. त्याच्या जोरावर पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी लोकांकडून दहा लाख डॉलरच्या वर वर्गणी उभी राहिली, स्टुडिओसाठी जागा घेतली गेली. २९ डिसेंबर २०१५ रोजी सीबीएस-पॅरामाउंटनं कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात दावा लावला. आपलं काय काय वापरलं याची त्यांची यादी वाचण्यासारखी आहे. त्यात स्पॉकच्या व्हल्कन जमातीचे टोकदार कान आहेत, गणवेश आहेत, ट्रेकमधल्या परग्रहवासीयांची क्लिंगॉन भाषासुद्धा आहे. भाषेवर कुणाची मालकी असू शकते का, यावर भाषा घडवणाऱ्यांच्या एका संस्थेनं कोर्टात स्वतंत्र म्हणणं मांडलं, आणि त्यात मधूनमधून चक्क क्लिंगॉनमध्ये वाक्यं घातली. कोर्टानं त्या प्रश्नाला हात लावला नाही.

मे २०१६ मध्ये नव्या ट्रेक चित्रपटांचे निर्माते-दिग्दर्शक जे. जे. अब्राम्स यांनी एका कार्यक्रमात सांगितलं की दावा मिटवला जाईल. महिन्याभरात नियम आले. दावा मात्र चालूच राहिला. ३ जानेवारी २०१७ रोजी न्यायाधीशांनी ‘फेअर यूज’चा, म्हणजे परवानगीशिवायही चालणाऱ्या रास्त वापराचा, बचाव अमान्य केला आणि २० जानेवारीला तडजोड झाली : पूर्ण लांबीचा चित्रपट नाही, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन भाग करा.

मामा भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेत, आयुष्यभर मोजणी केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘एकानं बांध कोरला, अख्ख्या शिवाराची मोजणी आली.’

मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं, म्हणजे धड कुणाचंच नाही. पण एक जरूर लिहीन. त्याच देशात जेम्स कॉली या चाहत्यानं न्यूयॉर्क राज्यातल्या टायकॉन्डरोगा गावी जुन्या मालिकेचे सेट हुबेहूब उभे केले होते. नियमांमुळे त्यावर भाग काढणं थांबलं, आणि त्याच २०१६ मध्ये कंपनीनं त्या सेटला प्रेक्षणीय स्थळ म्हणून अधिकृत परवाना दिला. वाडा तोच. आधी कानाडोळा होता, मग कुळ झालं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज वाईट बैठक झाली.

आमच्यातला एकच जण खऱ्या अर्थानं कारागीर आहे. रोटोचं काम करतो. म्हणजे पडद्यावरच्या माणसाची कड फ्रेमगणिक हातानं कापून पार्श्वभूमीपासून वेगळी करायची. केसांच्या बटा, धूर, काचेतलं प्रतिबिंब. त्याच्या भरवशावर मी तीन शॉट लिहिले होते : खिडकीबाहेर जहाज येतं ते, पोरगी ट्रान्सपोर्टरमधून (माणसाला क्षणात इकडून तिकडे पोचवणारं यंत्र) उतरते ते, आणि शेवटचा.

वहिनीनं सहज विचारलं, ‘यातल्या कुणी त्या कंपनीसाठी कधी काम केलंय का?’ कारण अट अशी आहे की चाहते हौशीच हवेत, आणि ट्रेकच्या कुठल्याही मालिकेवर, चित्रपटावर, डीव्हीडीच्या निर्मितीवर किंवा त्यांच्या परवानाधारकांकडे आज किंवा पूर्वी नोकरीला असलेला माणूस चालत नाही.

तो गप्प बसला. मग म्हणाला, पुण्यात असताना कुठल्यातरी ट्रेक चित्रपटाच्या थ्रीडी रूपांतराचे काही शॉट त्याच्या टेबलावर आले होते. तीन आठवडे, रात्रपाळी. एका माणसाच्या भुवया आणि कानामागचे केस. कंपनीचं नाव शेवटच्या यादीत आलं, त्याचं आलं नाही. थिएटरात श्रेयनामावली संपून दिवे लागेपर्यंत तो बसून राहिला होता.

तास-दीड तास वाद. धाकटा म्हणाला, कोण बघतंय? नाव नाही तर पुरावा नाही. मामा म्हणाले, उपकंत्राटदाराचा माणूस तो, थेट नोकरीला कुठं होता? वहिनी म्हणाली, वाद घालता येईल, पण वाद घालायची वेळ आली म्हणजे तुम्ही आधीच हरलात. कानाडोळ्याला पुरावा लागत नाही, डोळा उघडायला एक ईमेल पुरतो.

शेवटी तोच उठला. ‘नाव यादीत घालताना मोजलं नाही, बाहेर काढताना मोजतात. असू दे.’ भडंगाचा डबा मात्र ठेवून गेला.

हौशी म्हणजे कोण, हे मला त्या कागदावरून समजलेलं नाही. धाकटा लग्नाची शूटिंगं करतो, त्याचे पैसे घेतो. तो चालतो. ज्यानं चार पैशांसाठी दुसऱ्याच्या नायकाचे केस कापले, तो चालत नाही.

तिन्ही शॉट पुन्हा लिहायचे. जहाज दिसणार नाही, फक्त आवाज येईल.

२३ फेब्रुवारी, रविवार

जागा मिळाली! वडणग्याजवळ मामांच्या साडूंचं गुऱ्हाळघर. चार हंगाम बंद आहे. पत्र्याचं छप्पर, काळ्या भिंती, आणि मधोमध चुलवाणावर पडलेली नऊ फुटी काहील. तिच्याकडे बघितल्याबरोबर कळलं की हाच केंद्राचा ऊर्जा-गाभा. चुलवाणाच्या तोंडातून निळा एलईडी सोडायचा, काहिलीत पाणी भरून तळाशी दिवे ठेवायचे. छतावर पाण्याची जाळी नाचते. सेटवर प्लायवूड आणि थर्माकोल लावून दमड्या घालवण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

धाकट्याला बाबूराव पेंटरांची आठवण झाली. त्यांनी याच गावात स्वतःचा कॅमेरा स्वतः बनवला, आपण एक काहील वापरायला का लाजायचं? खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभासमोरून रोज जातो, आज पहिल्यांदा त्याचा काही उपयोग झाला.

पॅनेलवरच्या पडद्यांचा प्रश्न होता. पिकार्डच्या जहाजावरचे ते गोल कोपऱ्यांचे रंगीत पट्टे मायकल ओकुडा यांच्या हातचे, सगळ्या चाहत्यांना तोंडपाठ. तसेच केले तर ‘तसंच्या तसं’मध्ये मोडेल. मामा म्हणाले, मोडी लिहू. नोकरीभर जुने मोडी कागद वाचलेत त्यांनी. काळ्या पत्र्यावर पिवळ्या मोडी ओळी, मागून दिवा. खरोखर परग्रहावरची वाटते. आणि निम्मा महाराष्ट्र ती वाचू शकणार नाही, हे भविष्यकाळाला धरूनच आहे.

९ मार्च, रविवार

कपडे. नियमात लिहिलंय : बाजारात मिळणारे ट्रेकचे गणवेश, वस्तू, खेळणी वापरली तर ती अधिकृतच हवीत, नकली माल किंवा नक्कल नको. म्हणजे ऑनलाइन साडेतीनशेला मिळणारी छातीवरची बिल्ली बाद. घरी शिवलेल्याचं काय, हा प्रश्न तेव्हाच निघाला होता. जॉन व्हॅन सिटर्स या सीबीएसच्या अधिकाऱ्यानं २०१६ मध्येच एका मुलाखतीत खुलासा केला की रोख बनावट मालावर आहे, घरच्या शिवणावर नाही.

मावशीनं मशीन काढली. कापड इचलकरंजीहून आणलं, राखाडी, थोडं जाड. शिंप्याकडे टाकायचा विचार होता, पण शिलाई म्हणजे मोबदला का, यावर वहिनी पाच मिनिटं गप्प बसली, म्हणून टाकला नाही. बिल्ल्यावरचं चिन्ह आम्ही नवीन काढलं : नाक्याची आडवी दांडी आणि वर तारा. हुपरीला पैंजण करणाऱ्या एकाकडून जर्मन सिल्व्हरच्या पत्र्यातून सहा नग कापून घेतले, मागे पिन झाळलेली. त्यानं विचारलं, कुठल्या पक्षाचा आहे?

लाईटचं मात्र अडलं. भाड्यानं लाईट घेतले की त्यांच्याबरोबर दोन माणसं येतात, त्यांचा भत्ता द्यावा लागतो, आणि ती माणसं नको म्हटलं तर लाईट मिळत नाहीत. नियम सांगतो, भाग घेणाऱ्या कुणालाही मोबदला नाही. अमेरिकेत बसून हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आमचा लाईटवाला नव्हता. धाकट्याचे लग्नातले चार हॅलोजन आणि घरचे एलईडी, यावर भागवायचं.

३० मार्च, पाडवा

गुढीसमोर संहितेचं शेवटचं वाचन. दोन गोष्टी निघाल्या.

एक, म्हातारा इंजिनिअर पहिल्याच दृश्यात तंबाखू मळतो. मला ते फार आवडलं होतं : कृत्रिम गुरुत्वाकर्षण मध्येच बंद पडतं आणि चिमूट हवेत तरंगते. पण दारू, तंबाखू, अमली पदार्थ दाखवायचे नाहीत, सगळं सहकुटुंब बघण्याजोगं हवं. तंबाखू गेली, शेंगदाणे आले. शेंगदाणे तरंगतात, पण त्यात ती लाज नाही.

दोन, तोच म्हातारा पोरीला लाडानं ‘रांडेच्या’ म्हणतो. बाहेरच्यांना सांगायला हवं, कोल्हापुरात ही शिवी नाही, जवळपास आशीर्वाद आहे. पण हे कॅलिफोर्नियातल्या वकिलाला कसं समजावणार? ‘भावा’ केलं. पोरीला ‘भावा’ म्हणणं तर आणखी कोल्हापुरी आहे, हे वाचताना लक्षात आलं. हा बदल मला मूळच्यापेक्षा आवडलाय. नियमाचे आभार मानणार नाही.

१२ एप्रिल, शनिवार

शूटिंगचा पहिला दिवस, आणि सात जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की आज चैत्री पौर्णिमा. जोतिबाची यात्रा! वडणग्याच्या रस्त्यानं पहाटेपासून गाड्या, सासनकाठ्या, हलग्या, दर दोन मिनिटांनी ‘चांगभलं’. आम्ही फेडरेशनच्या शेवटच्या हद्दीवर, कुणी फिरकत नाही अशा ठिकाणी.

आवाज घेणं अशक्य होतं. म्हणून आज फक्त मूक शॉट. मामा मेकअप करून (ते इंजिनिअर करतात, दुसरं कोण?) साडेनऊपासून तयार बसले होते, त्यांना गणवेशातच बाहेर जाऊन गुलाल घ्यायचा होता. नको म्हटलं, सातत्य जाईल. रुसले.

दुपारी खरं संकट आलं. चार हॅलोजन काहिलीवर तासभर तापले आणि कडेला चार वर्षं वाळून बसलेला गूळ पाघळला. आधी वास आला, खमंग, सगळ्यांना भूक लागली. मग मुंग्या. चुलवाणाच्या भेगांतून काळी ओळ निघाली ती काहिलीच्या कडेनं गोल फिरली. मग दोन गांधीलमाश्या. पोरगी (धाकट्याची मैत्रीण, कॉलेजात एकांकिका करते) संवाद थांबवून म्हणाली, ‘दिग्दर्शक, आपल्या गाभ्याला मुंग्या लागल्यात.’ कॅमेरा चालू होता. ते वाक्य जसंच्या तसं चित्रपटात ठेवणार आहे, फक्त ‘दिग्दर्शक’ काढून ‘काका’ घालीन.

हॅलोजन बंद केले. उरलेलं सगळं एलईडीवर, म्हणजे अंधार जास्त. रात्री मॉनिटरवर पाहिलं तर सकाळपेक्षा चांगलं दिसतंय.

१३ एप्रिल, रविवार

आज संवाद. यात्रा उतरणीला, तरी ट्रॅक्टर अधूनमधून. नऊ पानं संपवली. मामांचा शेवटचा संवाद एका टेकमध्ये. टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. मावशी बाहेर जाऊन चहा ठेवायला लागली.

४ मे, रविवार

रश (न जोडलेले कच्चे शॉट) पाहिले. शेंगदाण्याच्या दृश्यात घोटाळा आहे. मामांच्या डाव्या तळहातात शेंगदाणे आहेत, पण उजवा अंगठा ते मळतोय. वर दोन टाळ्या मारून फुंकरसुद्धा घालतात. चाळीस वर्षांची सवय, त्यांना स्वतःला पत्ताच नाही. दूरच्या शॉटमध्ये शेंगदाणे दिसत नाहीत, फक्त तो अंगठा दिसतो. महाराष्ट्रात जन्मलेलं शेंबडं पोर सांगेल ते काय आहे.

कंपनीच्या माणसाला कळेल का? कळणार नाही. पण मला कळलं, आणि वहिनी म्हणाली, तिलाही. पुन्हा घ्यायचं.

१८ मे, रविवार

पुन्हा घेतलं. मामांच्या उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला, अंगठा अडकवून टाकला. तीन तासांचं काम, खर्च ६५० रुपये, त्यातले ४०० मिसळीचे.

२० मे, मंगळवार

सकाळी बातमी आली, पुण्यात जयंत नारळीकर गेले. जन्म इथलाच, कोल्हापूर, १९३८. जानेवारीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं होतं की परक्याचं विश्व कशाला, आपल्या नारळीकरांची गोष्ट घेऊ. तेव्हा मीच म्हणाले होते की तिथं तर रीतसर परवानगीच मागावी लागेल, नियमांचा कागदही नाही. आणि आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. ती साठ वर्षं आता मोजायला लागायची. तो हिशेब करवेना.

आज संकलन नाही.

८ जून, रविवार

पहिली जुळणी १८ मिनिटं १० सेकंद. श्रेयनामावली धरून. नियमात ‘१५ पेक्षा कमी’ म्हटलंय, त्यात नामावली धरायची की नाही यावर आम्ही आमच्यापुरतं ठरवलंय : धरायची.

माझं अर्धं आयुष्य एकांकिका स्पर्धांमध्ये गेलंय, वेळेची घंटा ओळखीची आहे. पण तिथं घंटा वाजली की गुण कापतात, इथं कापायचं ते आपणच, आधी. मुंग्या ठेवल्या. नाक्याचा इतिहास सांगणारा सव्वा मिनिटाचा संवाद गेला, माझा सगळ्यात लाडका. एरवी तो मी कधीच काढला नसता. आता बघताना जाणवत नाही की तिथं काही होतं, याचा राग येतो.

धाकट्यानं एक शोधून काढलं. मामांच्या मोडी पॅनेलचा फोटो त्यानं मोडी येणाऱ्या एका मित्राला दाखवला. मुख्य ऊर्जा पॅनेलवर लिहिलंय : ‘मोजणी फी भरून घ्यावी. शेजारी हजर नाही.’ मामांना विचारलं. म्हणाले, हातात तेच बसलंय.

२२ जून, रविवार

संगीत. मूळ धूनच्या आसपाससुद्धा फिरकायचं नाही असं पहिल्या दिवशीच ठरवलेलं. डिसेंबर २०१८ मध्ये एका स्टार वॉर्स चाहत्यानं त्यातल्या खलनायक डार्थ व्हेडरवर लघुपट टाकला. त्यानं उत्पन्न घ्यायचं नाही हे स्टार वॉर्सची मालक कंपनी लुकासफिल्म हिला कबूल केलेलं. तरी जानेवारी २०१९ मध्ये संगीताचे हक्क असलेल्या कंपनीनं धूनवर दावा लावून उत्पन्न स्वतःकडे वळवलं. लुकासफिल्म मध्ये पडल्यावर तो दावा मागे गेला. चित्राचा मालक एक, सुराचा दुसरा. सातबाऱ्यावर दोन नावं असली की काय होतं ते वहिनीला सांगायला नको.

धोक्याच्या इशाऱ्याला हलगी वाजवली. १२ एप्रिलला घेतलेल्या मूक शॉटच्या मागे आवाजाच्या पट्टीवर यात्रेतली हलगी चुकून आली होती, तिच्यावरून सुचलं. तीच वापरता आली असती. पण वाजवणारा कोण होता ठाऊक नाही, त्याला विचारलेलं नाही. म्हणून धाकट्याच्या मित्राकडून नवीन वाजवून घेतली, फुकट. असं वागायला लागल्यावर वहिनी हसली.

६ जुलै, आषाढी

उपासाच्या दिवशी कंपनीनं दिलेला मजकूर मराठीत आणायला बसलो. मूळ इंग्रजी शब्दशः पडद्यावर जाणारच, जिथं चित्रपट टाकू तिथंही. खाली मराठी द्यायची ही आमची हौस.

पहिली वाक्यं सोपी. मालकी सीबीएस स्टुडिओजची, या चित्रपटाला त्यांचा पाठिंबा नाही, संबंध नाही, धंदा नाही. अडकलो शेवटच्या वाक्यावर. ‘सीबीएस किंवा पॅरामाउंट यांच्याविरुद्ध कोणतेही कथित स्वतंत्र हक्क सांगितले जाणार नाहीत.’ मामा म्हणाले, ‘कथित? पेपरात कथित आरोपी असतो. आपले हक्क आधीच चोरीचा माल का?’

वहिनीनं यावर जे सांगितलं ते नीट लिहिते. जर्मनीत काही चाहत्यांनी वॉरहॅमर ४०,००० या खेळावर ‘डॅम्नेटस’ नावाचा अख्खा चित्रपट पुरा केला होता. २००७ मध्ये त्या खेळाच्या मालक गेम्स वर्कशॉप कंपनीनं तो प्रदर्शित करू दिला नाही. कारण जर्मन कायद्यात लेखकाचा हक्क दुसऱ्याच्या नावे कायमचा करून देता येत नाही. चाहत्यांनी कितीही कबूल केलं तरी त्यांच्या नव्या कामावर त्यांचा हक्क उरतोच, आणि कंपनीला तेच नको होतं. आपल्याकडेही कलम ५७ आहे : हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव सांगायचा आणि कामाची मोडतोड रोखायचा अधिकार उरतो. ‘म्हणून हे वाक्य. त्यांना भीती तुमच्या चोरीची नाही. चोरी ते केव्हाही पकडतील. भीती याची की म्हातारा, पोरगी, मुंग्या, हे तुमचं स्वतःचं आहे, आणि उद्या त्यांच्या मालिकेत एखादा म्हातारा आला तर तुम्ही दारात उभे राहाल.’

मामा बराच वेळ साबुदाणा चिवडत बसले. मग म्हणाले, ‘म्हणजे काहीतरी आपलं आहे.’

‘कथित’ ठेवलं.

१३ जुलै, रविवार

टाकला. १४ मिनिटं ४१ सेकंद. एकूण खर्च ७८,२०० रुपये. कमाईची योजना घेतलेली नाही. तरी सुरुवातीला पंख्याची जाहिरात लागली. यूट्यूब कमाई न घेणाऱ्या चॅनेलवरही स्वतःच्या जाहिराती लावू शकतं. आम्हाला त्यातला पैसा मिळत नाही. वहिनीनं तेवढ्याचा स्क्रीनशॉट काढून फाइलला लावला.

गल्लीतल्या मंडळानं विचारलं, गणपतीत पडद्यावर लावू का. विनामूल्य दाखवायला हरकत नसावी. पण वर्गणीच्या पावतीवर ‘खास आकर्षण’ म्हणून छापणार, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना फ्लेक्स. नको म्हटलं. पेनड्राइव्ह तरी दे, म्हणाले. तोही नाही. अध्यक्षांना वाटलं मी भाव खाते.

२७ जुलै, रविवार

बाहेर पाऊस, म्हणून गच्चीऐवजी मामांच्या सोप्यात पडदा. पंधरा माणसं, दोन किलो भडंग. रोटोवाला आला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच. शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून.

मुंग्यांना सगळे हसले. हलगी वाजली तेव्हा मागच्या घरातलं कुत्रं भुंकलं. मामा स्वतःचा शेवटचा संवाद चालू असताना उठून स्वयंपाकघरात गेले.

नामावली संपेपर्यंत तो बसून होता. नंतर माझ्याजवळ आला.

‘नऊ मिनिटं वीस सेकंद. पोरगी खिडकीपाशी वळते. केसांची कड निळी चमकते.’

धाकट्यानं केलेला शॉट तो. मी म्हटलं, ‘कशी घालवायची?’

त्यानं तोंड उघडलं, वहिनीकडे बघितलं, आणि भडंगाची मूठ तोंडात टाकली.

‘मी काय बोललो? काहीच बोललो नाही.’